स्वस्त घड्याळांची श्रीमंती

मित्रांनो, तुमच्या घरातलं सगळ्यात जुनं मनगटी घड्याळ कुठं आहे, सांगता येईल? कपाटाच्या खणात, जुन्या पावत्यांखाली, की आजीच्या डब्यात? आज शोधाच. बंद पडलंय म्हणून कुणी भंगारात दिलं नसेल, तर एक छान वस्तू हाती लागेल.

मला घड्याळं जमवायचा नाद आहे. लोकांना वाटतं, सोन्याची, स्विस, लाखालाखाची असणार! अहो, कुठलं काय! माझ्याकडे अकरा घड्याळं आहेत आणि सगळ्यांची मिळून किंमत एका बऱ्यापैकी मोबाइलएवढीही होणार नाही. बहुतेक सगळी कर्जत आणि खालापूर या आमच्या दोन तालुक्यांतच मिळाली. आमच्याकडे पहाटेची लोकल गाठून मुंबईला नोकरीला जाणारी माणसं खूप. खोपोलीच्या कारखान्यांत पाळीवर जाणारीही खूप. खोपोलीची एक गाडी चुकली, की पुढचीची वाट बघत फलाटावर ताटकळायचं. अशांना घड्याळ लागायचंच, पण खिशाला परवडणारं.

तसं घड्याळ दिलं एचएमटीनं. हिंदुस्तान मशीन टूल्स हे या सरकारी कंपनीचं पूर्ण नाव. तिचं मुख्य काम यंत्रं बनवायचं. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीची मदत घेऊन तिनं बंगलोरला मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. मग दहावी पास झाला, घ्या एचएमटी! जावयाला लग्नात काय द्यायचं? एचएमटी! तिचं ‘जनता’ नावाचं घड्याळ तर नावाप्रमाणंच घरोघरी गेलं.

माझ्या पेटीत पहिला मान ‘जनता’चाच. साधी गोल तबकडी, ठसठशीत आकडे, सरळ काटे. नक्षी नाही की चकमक नाही. चांगलं घड्याळ ओळखायची माझी एक परीक्षा आहे. घड्याळ हातभर लांब धरायचं, क्षणभर बघायचं आणि डोळे मिटायचे. किती वाजले ते सांगता आलं, तर घड्याळ पास! ‘जनता’ पास होतं. काळ्या तबकडीवर पांढरे आकडे असलेलं ‘पायलट’ तर पहिल्या नंबरानं. बाजारातली खूप महागडी, चमचमती घड्याळं मात्र इथं नापास होतात, बरं का!

एचएमटीनं दृष्टिहीनांसाठीही घड्याळ बनवलं होतं. त्याचं झाकण उघडायचं आणि काटे व उठावाचे ठिपके बोटांनी चाचपून वेळ ओळखायची. घड्याळ कुणाच्या हातात जाणार याचा आधी विचार करायचा, हीच खरी कारागिरी.

आता ‘जनता’ कानाला लावा. टिकटिक किती जलद चालते! तिचे तासाला १८,००० ठोके पडतात. सेकंदाला किती, ते तुम्हीच काढा. आत सेल नाही. चावी दिली की स्प्रिंग गुंडाळली जाते आणि हळूहळू सुटत चाकं फिरवते. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून त्यात १७ छोटे खडे बसवलेले असतात. कृत्रिम माणकं ती! सेलवरच्या घड्याळात टिकटिकीचं काम क्वार्ट्‌झचा स्फटिक करतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा निम्मा करा, पुन्हा निम्मा करा. बरोबर पंधराव्या वेळी उत्तर १ येतं. घड्याळातलं इलेक्ट्रॉनिक्स हेच करतं आणि सेकंद मोजतं.

माझ्याकडचं असं एक म्हणजे कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू. १९८९ साली आलेलं हे प्लास्टिकचं घड्याळ आजही विकलं जातं. वजन अवघं २१ ग्रॅम आणि त्यात गजर, तारीख, स्टॉपवॉच, दिवा! आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. जूनपासून जुनी घड्याळं पेटीत आराम करतात आणि मनगटावर हा पठ्ठ्या. पण त्याच्यावर ‘वॉटर रेझिस्ट’ लिहिलंय म्हणून तो घालून उल्हास नदीत उडी मारायची नाही हं! पावसाचे थेंब आणि हात धुणं, एवढंच त्याला झेपतं.

नादाला नियम हवेत. माझा पहिला नियम असा, की ज्याच्या पाठीवर नाव कोरलंय ते घड्याळ विकत घ्यायचं नाही. या नियमाची एकदा चांगलीच परीक्षा झाली. खालापूरकडचा नववीतला एक मुलगा आजोबांचं बंद ‘जनता’ घेऊन आला. दोनशे रुपयांत द्यायला तयार होता. तबकडीवर देवनागरी आकडे! तसं माझ्याकडे एकही नव्हतं. हात शिवशिवले. पण मागचं झाकण पुसलं, तर मळाखाली आजोबांचं नाव. त्या मुलालाही ते माहीत नव्हतं. आम्ही दोघं घड्याळजीकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चाकं धुतली, तेल दिलं. घड्याळ चालू झालं आणि त्याच्याच मनगटावर गेलं. माझ्या पेटीतली ती जागा अजून रिकामी आहे. असू दे.

आता पालकांसाठी दोन शब्द. “तीनशेच्या घड्याळाला पाचशेची दुरुस्ती कशाला?” असं तुम्ही म्हणाल. हिशेब खरा आहे. पण एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचं सरकारनं २०१६ साली ठरवलं. नवे सुटे भाग येत नाहीत. आमचे घड्याळजी मेलेल्या घड्याळांचे भाग काढून जिवंत घड्याळांना लावतात. त्यांचा बराचसा दिवस सेल आणि पट्टे बदलण्यात जातो. दुरुस्तीला कुणी गेलंच नाही, तर ही विद्या पुढं शिकणार कोण?

आणि मित्रांनो, जुनं म्हणून चकचकीत, रंगीबेरंगी तबकडीचं एचएमटी कुणी विकत असेल, तर जपून. पुष्कळदा तबकडी नव्यानं रंगवलेली असते आणि आतले भाग पाच घड्याळांचे! अक्षरं भिंगाखाली बघा. ती फिसकटलेली दिसली, तर पैसे खिशातच ठेवा.

त्यापेक्षा घरचं घड्याळ शोधा. सापडलं तर चावी जोरानं पिळू नका, सुरीनं झाकण उघडू नका. आधी पाठ पुसून नाव बघा. मग ते कुणी, कधी, कोणत्या पैशांतून घेतलं, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. बघा, किती गोष्टी निघतात!