ओंबळेंनी पकडून ठेवलं म्हणून

26 नोव्हेंबर. सकाळी परिपाठाला संविधानाची उद्देशिका वाचली, मुंबई हल्ल्यातल्या शहिदांना श्रद्धांजली वाहिली. नंतर दहावीच्या मराठीच्या तासाला मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, उसकू वकील कायकू दिया?"

उसकू म्हणजे कसाबला. मुलांचा जन्म 2008 नंतरचा. त्यांना तो मोबाईलवरच्या फोटोतूनच माहीत.

मला मात्र ते दिवस आठवतात. नुकताच बी.एड. होऊन एका शाळेत लागलो होतो. त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये चहा घेताना एक सहकारी म्हणाले, "बघा, तुमच्या लोकांनी काय केलं." मी कप खाली ठेवला आणि वर्गावर गेलो. भिंगारला छावणीच्या शेजारी वाढलेल्या माणसाला हे ऐकावं लागावं! मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा द्यायला मुंबईच्या मुस्लिम ट्रस्टनं नकार दिल्याची बातमी आली, तेव्हा अब्बांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

मुलाला मी सांगायला सुरुवात केली ती तुकाराम ओंबळेंपासून. साताऱ्याच्या केडंबे गावचे, सहायक फौजदार. गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी. त्यांनी एके-47ची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. करकरे, कामटे, साळसकर त्याआधी कामा हॉस्पिटलजवळ पडले होते. ओंबळेंमुळे एक आरोपी जिवंत हाती आला. जिवंत आरोपी म्हणजे खटला, आणि खटला म्हटला की वकील आलाच.

तो मिळणंही सोपं नव्हतं. वकिलांच्या संघटना केस घेणार नाही म्हणत होत्या, नेमलेल्या एका वकील बाईंच्या घरावर दगड पडले. 6 मे 2010 ला फाशी सुनावली गेली. हायकोर्टात अमीन सोलकर आणि फरहाना शाह यांनी त्याची बाजू मांडली. 21 फेब्रुवारी 2011 ला फाशी कायम झाली. मग सुप्रीम कोर्ट. तिथं राजू रामचंद्रन यांनी मुद्दा घेतला की सुरुवातीला वकील न मिळाल्यामुळे खटला न्याय्य झालाच नाही. 29 ऑगस्ट 2012 ला न्या. आफताब आलम आणि न्या. सी. के. प्रसाद यांनी तो फेटाळला, अपीलही फेटाळलं. मात्र यापुढे आरोपीला पहिल्यांदा समोर आणलं की वकिलाचा हक्क त्याला सांगणं हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य, असंही त्यांनी लिहून ठेवलं. रामचंद्रन यांनी आपली फी मारल्या गेलेल्या पोलिसांच्या वारसांसाठी देऊन टाकली.

मुलगा ऐकत होता, पण चेहऱ्यावर "तो क्या हुआ?" असंच होतं. मग मी फहीम अन्सारीचं नाव घेतलं. त्यानं ते ऐकलंच नव्हतं.

त्याच खटल्यात फहीम आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपी होते. हल्ल्याच्या ठिकाणांचे नकाशे त्यांनी पुरवले, असा आरोप. एक नकाशा मेलेल्या अबू इस्माईलच्या खिशात सापडला म्हणे. पँट रक्तानं भिजलेली आणि नकाशा कोरा स्वच्छ! फहीमचे वकील शाहिद आझमी. निकालाच्या तीन महिने आधी, 11 फेब्रुवारी 2010 ला, कुर्ल्यात त्यांच्या ऑफिसात त्यांना गोळ्या घातल्या. दोघं निर्दोष सुटले. सरकार त्याविरुद्ध वर गेलं, आणि ज्या निकालानं कसाबची फाशी कायम केली त्याच निकालानं या दोघांची सुटकाही कायम केली.

"आता सांग," मी म्हटलं, "वकीलच दिला नसता तर तो नकाशा कुणी पाहिला असता?"

तो गप्प झाला. थोड्या वेळानं म्हणाला, "सर, फिर फहीम घर गया?"

लगेच नाही, मी म्हटलं. रामपूरच्या सीआरपीएफ छावणीवरच्या हल्ल्याचा खटला होता. त्यातही हल्ल्याच्या आरोपातून सुटला, बनावट पासपोर्टसाठी मात्र शिक्षा झाली. बाहेर यायला 2019 उजाडलं.

तास संपला होता. धडा राहिला तो राहिलाच.