आजीचं पहिलं नाव

दादाला मुलगी झाली आणि दवाखान्याच्या पॅसेजमध्येच मला बढती मिळाली. आत्या. आपल्याकडे आत्याला फार कामं नसतात. एकच मान ठरलेला: बारशाला पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं आणि तेवढ्यात पाठीवर बायकांचे धपाटे खायचे. नाव सांगायचंय तर शोधायचंही तूच, असं घरात ठरलं. वहिनीच्या अटी स्पष्ट होत्या. संस्कृत हवं, अर्थ चांगला हवा आणि वर्गात दुसरी नको.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. कुठलाही प्रश्न आला की आधी एक्सेल शीट उघडते, तशी उघडली. नावांच्या वेबसाइट्स पालथ्या घातल्या. कियारा, मायरा, अनायरा, शनाया. सगळ्यांच्या पुढे 'मूळ: संस्कृत' असं बिनधास्त लिहिलेलं. वामन शिवराम आपट्यांचा १८९०चा संस्कृत कोश आता ऑनलाइन शोधता येतो. त्यात एकेक नाव टाकून बघितलं आणि शीटमधल्या ओळी भराभर लाल होत गेल्या. (शनाया तर 'माझ्या नवऱ्याची बायको'मुळे माझ्या आईनेच बाद केली, कोश लागलाच नाही.)

मग एका रात्री मी शीटच्या सगळ्यात खाली एक नाव लिहिलं. अहिल्या.

जून २०२५ होता. नगरमध्ये त्या दिवसांत या नावापासून सुटकाच नव्हती. अहिल्याबाई होळकरांचा जन्म ३१ मे १७२५ चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, म्हणजे त्रिशताब्दी नुकतीच झालेली. ६ मेला राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत भरली होती. चौकाचौकात फ्लेक्स. जिल्ह्याचं नाव बदलण्याची घोषणा मे २०२३ मध्ये चौंडीतच झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगर अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. त्या सुमारास आमच्या कंपनीत एका फॉर्मच्या ड्रॉपडाउनमधलं जिल्ह्याचं नाव बदलायचं तिकीट माझ्याकडे आलं होतं. वरवर एका ओळीचं काम. पण जुन्या रेकॉर्डमध्ये एक नाव आणि नव्यात दुसरं असलं की दोन्ही एकच आहेत हे सिस्टीमला कुणीतरी सांगावं लागतं. त्याला दोन दिवस गेले.

आमच्या घरात मात्र या नामांतराने फारसं काही हललं नाही. पप्पा आधीही नगरला जायचे आणि आताही नगरलाच जातात. अहमद निजामशहाने शहर वसवलं आणि स्वतःचं नाव दिलं. पाचशेहून जास्त वर्षं लोक त्यातला अहमद गाळून नुसतं नगर म्हणत आले. आता अहिल्याही गाळतात. नावासाठी भांडायला सगळे तयार, उच्चारायला मात्र आळस.

एवढं गाजणारं नाव, पण माझ्या शाळेत, इंजिनिअरिंगला, ऑफिसात मला एकही अहिल्या भेटलेली नाही. वर्गात अश्विनी तीन-तीन असायच्या. कम्युनिस्ट नेत्या आणि खासदार अहिल्या रांगणेकर सोडल्या तर होळकरांनंतरची दुसरी अहिल्या मला चटकन आठवतही नाही. विद्यापीठ आहे, विमानतळ आहे, आता जिल्हा आहे. मुलगी नाही. सकाळी ज्या पाच कन्यांचं स्मरण करायचं म्हणतात त्यात अहिल्या पहिली. त्या यादीतली आज मुलींची नावं म्हणून चालते ती तारा, आणि तीही आकाशातल्या ताऱ्याच्या जोरावर. द्रौपदी, मंदोदरी आणि अहिल्या या पूजेपुरत्या, पाळण्यापुरत्या नाहीत.

कारण सगळ्यांना माहीत आहे. शाप. शिळा. नवऱ्याने दगड केलेली बाई.

पण मला हे नाव फ्लेक्समुळे सुचलं नव्हतं. ते आमच्या घरातच होतं, कागदात.

२०१९ ची गोष्ट. मी शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीत कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावी आले होते. आजीच्या माहेराहून पप्पांचे मामेभाऊ आले, पेढे घेऊन. आजीचं माहेर जामखेड तालुक्यात, चौंडीच्या बाजूला. जमिनीची वाटणी करायची होती आणि त्यासाठी आजीचं हक्कसोडपत्र हवं होतं. हे प्रकरण शहरातल्यांना माहीत नसेल तर सांगते. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापासून वडिलांच्या हिश्श्यात मुलीला वाटा आहे आणि २००५च्या दुरुस्तीनंतर तर वडिलोपार्जित जमिनीत ती मुलाच्या बरोबरीची. म्हणून जमिनीचं काही करायचं झालं की आधी बहिणींच्या सह्या लागतात. बहिणी सही देतात. साडी घेतात, जेवतात आणि येतात. न देणारीचं माहेर तुटतं, असं सगळ्या बायकांना पक्कं ठाऊक असतं.

तर काकांनी सातबारा दाखवला. 'इतर अधिकार'च्या रकान्यात आजीच्या बहिणींची नावं होती. आजीचं नव्हतं. तिथे होतं अहिल्या, पुढे 'भ्र.' आणि आमच्या आजोबांचं नाव. भ्र. म्हणजे भ्रतार.

"ही कोण?" मी विचारलं. माझ्या आजीचं नाव कौसल्या. आधारवर कौसल्या, मतदार यादीत कौसल्या, आजोबांनी बांधलेल्या दोन खोल्यांवरसुद्धा 'कौसल्या निवास'.

"मीच की," आजी तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "माह्यारचं नाव हाय ते."

माझ्या पप्पांनाही माहीत नव्हतं. म्हणजे लहानपणी मामाच्या गावी कुणीतरी तशी हाक मारल्याचं त्यांना अंधूक आठवत होतं, पण आपल्या आईचं पहिलं नाव काय हा प्रश्न पन्नाशी उलटेपर्यंत त्यांना पडलाच नव्हता. मलाही कुठे पडला होता?

मग एक प्रतिज्ञापत्र करावं लागलं. अहिल्या आणि कौसल्या या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, असं स्टॅम्पपेपरवर. जामखेडला जाऊन आजीने दोन ठिकाणी अंगठा उठवला. पहिल्या कागदाने तिला तिचं नाव परत मिळालं आणि दुसऱ्या कागदाने त्या नावाची जमीन गेली. दोन्ही कामं एकाच दुपारी उरकली, येताना काकांनी रसवंतीत रस पाजला. आजी खूश होती. मला तिच्या खूश असण्याचा राग आला होता, तो अजून पूर्ण गेलेला नाही.

त्या रात्री मी तिला खोदून विचारलं. चौंडी जवळ म्हणून तिच्या वडिलांनी हौसेने हे नाव ठेवलं होतं. लग्नात ते बदललं. लग्नात नवरीचं नाव बदलतात तो विधी बहुतेकांनी पाहिला असेल: ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. आजोबांना तेव्हा अक्षर येत नव्हतं, म्हणून गुरुजींनी त्यांचा हात धरून लिहवून घेतलं. आजीला वाचता येत नव्हतं. "तीन दिस मला हाकाच कळंनात," ती म्हणाली. "कौसल्ये, कौसल्ये करायच्या सासूबाई आन् मी आपली दुसरीच कोण असंल म्हणून गप. बहिरी हाय का काय, असं वाटलं त्यांना."

"पण बदललं कशाला?"

"शापाचं नाव हाय म्हनल्या. घरात दगूड नको."

रामायणातूनच उचलली आणि रामायणातच सुरक्षित जागी नेऊन ठेवली. रामाची आई. मग थोडा वेळ गप्प राहून आजी म्हणाली, "होळकरणीचं न्हाई बदललं कुणी."

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या रात्री एक्सेलमध्ये ते नाव लिहिलं आणि मग त्याचा अर्थ शोधायला बसले. मूळ संस्कृत रूप अहल्या, अहिल्या हे आपलं. हल म्हणजे नांगर. हल्य म्हणजे नांगरलेलं, म्हणून अहल्या म्हणजे नांगर न लागलेली जमीन. दुसरा अर्थ उत्तरकांडात येतो. तिथे हल म्हणजे कुरूपपणा, तो जिच्यात नाही ती अहल्या. वेबसाइट्स हा दुसरा अर्थ उचलतात आणि 'सुंदर' लिहून मोकळ्या होतात. जुन्यात जुना उल्लेख आहे शतपथ ब्राह्मणात, आणि तिथे तर इंद्राला हाक मारताना अहल्येचा जार म्हटलंय. म्हणजे नाव पहिल्यापासून त्या भानगडीला चिकटलेलं. ते पुसायचं म्हटलं तरी पुसता येणार नाही.

पण एक गोष्ट वाचून मी ताडकन उठून बसले. वाल्मीकीच्या बालकांडात ती दगड होतच नाही. गौतम शाप देतो तो असा, की कुणाला दिसणार नाहीस, वारा खाऊन राहशील, राखेत पडून राहशील. शिळा, आणि रामाच्या पायाचा स्पर्श, हे नंतरच्या रामायणांतलं. बालकांडात उलट राम आणि लक्ष्मणच तिच्या पाया पडतात.

मी आजीला फोन लावला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आमच्या सासूबाईला कुणी सांगितलंच न्हाई मंग."

नांगराचा अर्थही सांगितला. "म्हंजी पडीक," ती म्हणाली आणि खूप हसली.

वहिनी हसली नाही. तिचं माहेर नगरातच, सावेडीला. बाळंतपणासाठी ती तिकडेच होती. मी शीट घेऊन गेले, शतपथापासून सुरुवात केली आणि बालकांडापर्यंत आले तेव्हा ती बाळाला ढेकर काढत होती. "बाळाच्या वर्गातली पोरं वाल्मीकी वाचून येणार आहेत का?" ती म्हणाली. "नाव अहिल्या, जिल्हा अहिल्यानगर. मास्तर हजेरी घेताना काय म्हणतील सांग. आणि दर ३१ मेला तिला नऊवारी नेसवून स्टेजवर बसवतील."

दादा म्हणाला, "पण आजीसाठी..."

"तेच तर," वहिनी म्हणाली. "आजींचं काहीतरी राहून गेलंय, त्याची भरपाई माझ्या मुलीच्या नावाने का? तिला तिचं स्वतःचं नको?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि हे म्हणायचा हक्क कुणाला असेल तर तिलाच आहे. २०२२ मध्ये लग्नात ताट समोर आलं तेव्हा तिने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की माझं नाव मला आवडतं, तेच लिहा. दादाने तांदळात तिचंच नाव लिहिलं. मांडवात कुजबुज झाली. तिला उद्धट ठरवायला एका आत्याबाईंना पाच मिनिटं पुरली. (माझ्या नव्हे, दुसऱ्या.) आजी पुढच्या खुर्चीवर बसली होती. नंतर तिने वहिनीच्या हातात पाचशेची नोट कोंबली. का, ते वहिनीला कळलं नव्हतं.

म्हणजे प्रतिज्ञापत्राची गोष्ट तिला माहीत होती, तांदळाची नव्हती. ती मी सांगितली. तीन दिवस हाका न कळलेली पंधरा वर्षांची मुलगी, एवढंच. शतपथ बाजूला ठेवलं. वहिनी काही बोलली नाही. मी शीटमधली दुसरी सहा नावं तिला पाठवून पुण्याला आले. त्यातलं 'ऋचा' पक्कं होईल असं मी धरून चालले होते, दादाला तसं सांगूनही टाकलं.

दोन दिवसांनी व्हॉट्सअॅपवर वहिनीचा मेसेज आला. "आजींशी बोलले. अहिल्याच ठेवू. त्या म्हणाल्या, 'माझ्यापायी नको, नाव चांगलं वाटत असंल तर ठेव.' मला चांगलं वाटतंय. पण यावर तू निबंध लिहायचा नाही."

सॉरी वहिनी.

बारसं सावेडीलाच झालं. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचा वास, पंख्याखालच्या जागेसाठी बायकांची चढाओढ. आजीला खुर्ची दिली तर ती खाली सतरंजीवरच बसली. मी वाकले, बाळाच्या कानाशी कुर्र केलं आणि नाव सांगितलं. धपाटे इतके जोरात पडले की कपाळ पाळण्याच्या दांड्यावर आपटलं. आजही तिथे दाबलं तर दुखतं.

नाव जाहीर झालं तसं मागून कुणीतरी लगेच म्हणालं, "वा, जिल्ह्याचंच नाव!" वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी पेढ्यांचा डबा उघडला.

आता बाळ चार महिन्यांचं आहे आणि तिला कुणीही अहिल्या म्हणत नाही. वहिनी अहू म्हणते, दादा पिल्लू, पप्पा काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही. आजी तेवढी पूर्ण नाव घेते. रविवारी व्हिडिओ कॉल लागला की फोन अगदी तोंडाजवळ धरते, मला स्क्रीनवर तिचं कपाळ आणि अर्धा चष्मा दिसतो, आणि ती मोठ्याने, तिच्या वडिलांनी मारली असेल तशी हाक मारते, "अहिले! ए अहिले!" बाळ पंख्याकडे बघत असतं.

"बघना गं," आजी म्हणते. "ऱ्हाऊ द्या. कळंल हळूहळू."