तो कुणाच्या घरचा होता?

उन्हाळ्याच्या सुट्टीत बहिणीची मुले आली की घरातल्या टीव्हीचा ताबा आमच्याकडे राहत नाही. गेल्या सुट्टीत एका रात्री त्यांनी 'झोंबिवली' लावला. भाचा म्हणाला, "मामू, बैठो ना. मराठीत झोंबीचा पिक्चर आहे." आम्ही बसलो. तख्तावर अम्मी तसबीह घेऊन बसली होतीच.

झोंबी म्हणजे मेलेला, पण चालता-फिरता माणूस. तो ज्याला चावतो तोही तसाच होतो. ही परदेशी कल्पना दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनी डोंबिवलीत आणली. अमेय वाघ, ललित प्रभाकर, वैदेही परशुरामी अशी नावाजलेली मंडळी त्यात आहेत. 26 जानेवारी 2022 रोजी चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा कोरोनामुळे थिएटरात निम्म्याच खुर्च्या भरायची परवानगी होती.

आम्ही पडलो मास्तर. चुका दिसल्या की हात लाल पेनाकडे जातो. रक्त पाहून रंगपंचमी आठवली. भीती वाटू लागते न लागते तोच कुणीतरी विनोद करतो आणि भीती पळून जाते. गर्दीत तीच तीच तोंडे पुन्हा फिरतात, असा शोध धाकट्या भाच्याने लावला. मराठी चित्रपटाकडे हिंदीइतका पैसा नसतो, म्हणून या गोष्टींचे आम्ही मार्क कापले नाहीत. उलट एका गोष्टीला पूर्ण मार्क दिले. चित्रपटात एकीकडे टोलेजंग सोसायटी आहे, समोर जनतानगरची झोपडपट्टी, आणि भांडण आहे पाण्याचे. उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात असून वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड नळाची वाट पाहिलेल्या सोलापूरकराला हे समजावून सांगावे लागत नाही.

मग एका झोंबीच्या डोक्यात फटका बसला. मुले खदखदून हसली. आम्हीही हसलो. अम्मीची तसबीह थांबली. तिने विचारले, "वो किसके घर का था रे?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. मोठा म्हणाला, "नानी, वो झोंबी था."

"झोंबी होने से पहले?"

उत्तर कुणालाच देता आले नाही, कारण ते चित्रपटात नव्हते. ज्यांना मारले जाते ते काल कुणाचे शेजारी होते, कुणाचे भाऊ होते. त्यांच्यासाठी कुणी थांबून रडल्याचे आम्हाला आठवत नाही. आमच्या हिशेबाने चित्रपटाची खरी उणीव हीच आहे.

पैशाअभावी ही उणीव राहिली, असेही म्हणता येत नाही. या साऱ्या चित्रपटांचा बाप म्हणावा असा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' जॉर्ज रोमेरो यांनी 1968 साली सुमारे 1 लाख 14 हजार डॉलरमध्ये केला. हॉलिवूडच्या मानाने ही रक्कम किरकोळच. चित्रपट कृष्णधवल होता, म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेटचे सिरप वापरले. पण त्यात बहिणीला ओढून नेणाऱ्या मुर्द्यांमध्ये तिचा सख्खा भाऊ असतो आणि ती त्याला ओळखते. शेवटी रात्रभर झुंजून वाचलेल्या कृष्णवर्णीय नायकाला बंदूकधारी टोळी झोंबी समजून लांबूनच गोळी घालते. जवळ जाऊन तोंड पाहण्याची तसदी कुणी घेत नाही. आपल्या देशात 'जमाव' म्हणून ज्यांच्याकडे लांबून पाहिले जाते, त्यांना हा शेवट कळायला इंग्रजी यावे लागत नाही.

अम्मीने तो प्रश्न का विचारला, हे आम्हाला ठाऊक होते. जुलै 2020 मध्ये तिचा भाऊ, आमचे मामू, कोरोनाने गेले. त्यांनी उभा जन्म यंत्रमागावर चादरी विणण्यात घालवला. घरी गुस्ल नाही, कफन नाही. मय्यत पिशवीत बंद होती. कब्रस्तानात आम्ही चारजण लांब उभे राहिलो. किट घातलेल्या माणसांनी दोरांनी मामूंना कबरीत उतरवले. आम्ही म्हणालो, "एकदा तोंड दाखवा." ते म्हणाले, "परवानगी नाही." आम्ही वाद घातला नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 15 मार्च 2020 च्या सूचनांत पिशवीची चेन तोंडापुरती उघडून नातेवाइकांना शेवटचे दर्शन देण्याची मुभा होती. हे आमच्या वाचनात आले तेव्हा कबरीवर गवत उगवले होते.

घरी आल्यावर अम्मीने दारातच विचारले, "मूं देखा?"

आम्ही म्हणालो, "देखा, अम्मी. सोये जैसे थे."

एवढ्या वर्षांत हे खोटे आम्ही दुरुस्त केले नाही. वर्गात कॉपी करणाऱ्या पोरांना खरेपणाचे धडे देताना ते मधूनच आठवते.

चित्रपट संपला. मुले तिथेच झोपली. अम्मीने दुआसाठी हात उचलले. दुआ संपल्यावर आम्ही विचारले, "किसके लिए माँगी?"

ती म्हणाली, "तेरे मामू के लिए. और वो बच्चा, जिसका नाम नहीं बताया उनों ने."

मग नेहमीप्रमाणे म्हणाली, "तू तो मूं देखा ना भाई का, अच्छा हुआ."

आम्ही टीव्ही बंद केला आणि मुलांच्या अंगावर चादर घालू लागलो.