पासबुक वाचता येते तेव्हा

२०२४ चा ऑगस्ट. 'लाडकी बहीण' योजनेचे पहिले पैसे खात्यांवर जमा झाले होते. तिसरीतल्या एका मुलीची आई पासबुक घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिली. "बाजी, जरा देखो ना, कित्ते आए?"

तीन हजार जमा होते. दुसऱ्याच दिवशी ते निघालेही होते. कार्ड नवऱ्याजवळ असते, असे तिनेच सांगितले. तिला राग नव्हता. तिला फक्त आकडा हवा होता.

आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. मेहनत दोघांची, पण मुकादमाकडून उचल मोजून घेतो नवरा. खाते बाईच्या नावावर निघाले, तरी व्यवहार तिच्या हाती आला असे होत नाही.

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर मी चार-पाच आयांना घेऊन बसू लागले. या बायका कुरआन शरीफ वाचतात. त्यांना निरक्षर कसे म्हणायचे? पण उर्दू-अरबी उजवीकडून सुरू होते आणि पासबुक डावीकडून. 'नावे', 'जमा', 'शिल्लक' एवढे तीन शब्द शिकायला आठवडा गेला. मग सही.

मी त्यांना म्हसवडची हकीकत सांगितली. सातारा जिल्ह्यातल्या त्या गावी चेतना गाला सिन्हा आणि गावच्या बायकांनी बँक काढायचे ठरवले. बायका अंगठेबहाद्दर, म्हणून रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

हकीकत संपली तशी तीच मुलीची आई म्हणाली, "बाजी, आपका कार्ड तो आपके पासच रहता होगा?"

मी गप्प राहिले. बी.एड. झालेली, दरमहा पगार घेणारी मी. माझे कार्ड लग्नापासून घरच्यांच्या खिशात होते. मेहेर हा बाईचा स्वतःचा हक्क, तिच्या मालकीला मजहबने कधीच नाकारलेले नाही, हे मी इतरांना सांगत आले होते.

त्या रात्री मी कार्ड मागितले. थोडी कुरबूर झाली, पण मिळाले. दुसऱ्या दिवशी वर्गात ते मी टेबलावर ठेवले. कुणी काही बोलले नाही. मात्र पुढच्या महिन्यात ती आई बँकेतून परस्पर शाळेत आली. तिने पासबुक उघडले आणि शिल्लक स्वतःच वाचून दाखवली.