श्रावणबाळाची कावड

गेल्या आषाढांतील गोष्ट. सकाळचें स्नान, पूजा आटोपून मी ओसरीवर बसलों होतों, तोंच आमच्या अकोल्याच्या जुन्या वाड्यांत पूर्वीं बिऱ्हाडानें राहणाऱ्या एक वृद्ध बाई आल्या. त्यांचे दोन्ही मुलगे माझ्या हाताखालीं संस्कृत शिकलेले. आज दोघेहि परगांवीं चांगल्या हुद्द्यांवर आहेत. बाईंनीं पिशवींतून एक कागद काढला आणि म्हणाल्या, “गुरुजी, एवढा अर्ज भरून द्या. सरकार म्हाताऱ्यांना दरमहा पैसे देतें म्हणे.”

अर्ज श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचा होता. महाराष्ट्र शासनाची ही योजना पासष्ट वर्षें पूर्ण झालेल्या निराधारांसाठीं आहे. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा बरींच वर्षें २१,००० रुपये राहिली आहे. निवृत्तिवेतन पूर्वीं दरमहा ६०० रुपये होतें; तें पुढें १,००० व २०२३ सालीं १,५०० रुपये झालें.

दोन कर्ते मुलगे असतां ‘निराधार’ या शब्दापुढें खूण कशी करावी? मीं लेखणी खालीं ठेवली.

“वहिनी, मुलगे कांहीं पाठवीत नाहींत काय?”

“पाठवीत असत. आतां विसरतात. त्यांच्यापाशीं मागायची लाज वाटते, गुरुजी. सरकारापाशीं मागायची नाहीं वाटत.”

मीं त्यांना दुसरी वाट सांगितली. आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीं २००७ सालीं कायदा झाला आहे. ज्यांस स्वतःच्या मिळकतींतून निर्वाह करतां येत नाहीं, अशा आईवडिलांना उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढें साधा अर्ज करतां येतो, आणि दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मुलांकडून मिळूं शकतो. वृद्धास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंडहि होऊं शकतो. बाईंनीं सारें ऐकून घेतलें आणि अर्जाची घडी घातली. “पोटच्या पोरांना कचेरींत उभें करूं? मग दिवाळीला ते कोणाच्या घरीं येतील?” एवढें बोलून त्या उठल्या.

त्या गेल्यावर कौटिल्याची आठवण झाली. अर्थशास्त्रांत जनपदनिवेशाच्या प्रकरणांत त्यानें ही सीमा फार स्पष्ट आंखली आहे. बालक, वृद्ध, संकटग्रस्त आणि अनाथ यांचें पोषण राजानें करावें, असें तो सांगतो. आणि लगेच पुढें, अंगीं सामर्थ्य असून जो आपलीं मुलें, पत्नी, आईबाप यांचें पोषण करीत नाहीं, त्यास बारा पण दंड सांगतो. म्हणजे राज्याचा हात तेथेंच पुढें यावा, जेथें घरचा हात नाहीं किंवा दुबळा आहे. शासनाचा हा पैसा आमच्या वऱ्हाडांतील त्या म्हातारीसाठीं आहे, जिला शेत नाहीं, मूल नाहीं, जिनें दुसऱ्याच्या रानांत कापूस वेंचून जन्म काढला. तिला तो मिळालाच पाहिजे, आणि त्यांत उपकार कसला? पण हुद्देदार मुलांच्या आईनें त्याच रांगेंत उभें राहावें, यांत दोष आईचा नव्हे.

हें सारें मी माजघराकडे तोंड करून, थोडें मोठ्यानेंच बोललों. आंतून कुटुंबाचा आवाज आला, “श्रावणानें कावड स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. बायकोच्या नव्हे.”

मी गप्प झालों. कारण तें बोलणें मला उद्देशून होतें, आणि खरें होतें. माझे वडील अमरावतीस अंबापेठेंत एकटे राहत. त्यांस अर्धांगवायु झाला, तेव्हां मीं त्यांना बडनेऱ्याहून आगगाडीनें अकोल्यास आणलें. सहा वर्षें ते अंथरुणावर होते. गांवानें मला श्रावणबाळ म्हटलें आणि मीं तें ऐकून घेतलें. परंतु त्यांचें अंग पुसणें, कूस पालटणें, पेज भरविणें, रात्रीं दोनदां उठणें, हें सारें केलें ते हात माझे नव्हते. मी शाळेंतून येऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी, एवढेंच.

पुढें त्या कायद्याची प्रत पुन्हा चाळली, तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली. त्यांत ‘मुलें’ या शब्दाच्या व्याख्येंत मुलगा, मुलगी, नातू, नात इतकींच नांवें आहेत. सुनेचें नांव नाहीं. कायद्यानें जिच्यावर भार टाकला नाहीं, तिच्यावर तो आम्हीं घरोघर टाकला आणि त्याला स्वतःचें कर्तव्य म्हणालों. एकत्र कुटुंबाची थोरवी गातांना हें विसरूं नये.

मीं दोघां मुलांना पत्रें लिहिलीं. उपदेश न करतां, आई माझ्याकडे कशासाठीं आली होती तेवढेंच कळविलें. धाकट्याचें उत्तर आलें, “गुरुजी, शासनाची योजनाच आहे, तर घेण्यास हरकत काय?” थोरला उत्तर न देतां गणेशचतुर्थीस स्वतःच आला व चार दिवस राहिला. आतां तो दरमहा पैसे पाठवितो, आणि दर रविवारीं आईशीं बोलतो. त्या रविवारची वाट बाई पैशांहून अधिक पाहतात. निर्वाह सक्तीनें वसूल होऊं शकतो. रविवार होत नाहीं. राज्याची मर्यादा माझ्या मतें येथें आहे. धाकट्याची मात्र अजून वाट पाहणें चालू आहे.

माझ्या कुटुंबाचे गुडघे अलीकडे फार दुखतात. रात्रीं तेल कोमट करून चोळण्याचें काम मीं आपल्याकडे घेतलें आहे. प्रथम तिनें नको म्हटलें. आतां पाय पुढें करते.