साठाचा हातचा

आंतरसदन धावण्याच्या स्पर्धेत वेळांची बेरीज करणारा प्रोग्रॅम मीच लिहिला होता. आमच्या दोघांच्या वेळा 5 मिनिटे 50 सेकंद आणि 5 मिनिटे 45 सेकंद. मी त्या 5.50, 5.45 अशा भरल्या, बेरीज 10.95. दुसऱ्या सदनाची 6.10 आणि 5.10, म्हणजे 11.20. ढाल आम्हाला मिळाली.

सुट्टीत कोलकात्याला, सॉल्ट लेकमध्ये दादाकडे गेलो. तो तिथेच सेक्टर पाचमध्ये नोकरीला आहे. प्रोग्रॅम पाहून म्हणाला, "अरे, मिनिट साठ सेकंदांचं असतं!" खऱ्या वेळा 11:35 आणि 11:20. आम्ही हरलो होतो.

मग त्याने सी प्लस प्लसमधले ऑपरेटर ओव्हरलोडिंग शिकवले. 'वेळ' नावाचा क्लास लिहायचा आणि त्याच्यासाठी अधिक चिन्हाचा अर्थ आपण ठरवायचा: साठ सेकंद झाले की हातचा मिनिटांत.

"मग 2 + 2 चं उत्तरही बदलता येईल?"

"नाही. मुभा आपल्या क्लासपुरतीच. साध्या आकड्यांची बेरीज भाषा बदलू देत नाही."

शाळेत परतल्यावर आधी सरांना सगळे सांगितले. ढाल दुसऱ्या सदनाकडे गेली. दोन दिवस माझ्याशी सदनात कोणी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कॅप्टनने नवा प्रोग्रॅम मागितला.