जुन्या गाडीचा भाव : काही टिपणे

● अहिल्यानगरजवळच्या नेप्तीच्या बाजारात कांद्याचा लिलाव उघड्यावर होतो. किमान, कमाल आणि सरासरी दर बाजार समिती जाहीर करते. घर-जमिनीला रेडी रेकनर आहे. जुन्या मोटारीला आपल्याकडे असा अधिकृत जाहीर दर नाही. ज्या घरात वर्षानुवर्षे साठवलेले पैसे या एका सौद्यात जातात, त्या घराने भाव कसा काढायचा हे शिकूनच घ्यायला हवे.

● अमेरिकेत लेस केली यांनी १९२६ साली जुन्या गाड्यांच्या किमतींचे ‘ब्लू बुक’ काढले. आपल्याकडे इंडियन ब्लू बुक, ऑरेंज बुक व्हॅल्यू अशी साधने आली. मॉडेल, साल, रनिंग दिले की आकडा मिळतो. पण तो भाव कोणता, हे आधी पाहावे : व्यापारी घेणार तो, व्यापारी विकणार तो, की दोन घरांमधला? तिन्ही वेगळे असतात.

● आकड्याची तारीखही पाहावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकरावरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली येतो. त्याआधीचा तक्ता आज धरून चालत नाही.

● विम्याच्या कागदावरची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, हा हाताशी असलेला आधार. रूढ तक्त्यानुसार पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. आठ लाखांची गाडी चौथ्या वर्षात ४ लाख ८० हजारांची. पाच वर्षांनंतर रक्कम कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. हा हिशेब फक्त वयाचा. गाडी कशी वापरली, हे त्यात येत नाही.

● जाहिरातीत असतो तो सांगायचा भाव. सौदा त्याच्या खाली तुटतो. एकाच मॉडेलच्या, एकाच सालाच्या बऱ्याच जाहिराती काढाव्यात आणि महिनाभर पडून राहिलेल्या गाड्यांचे आकडे बाजूला ठेवावेत. अहिल्यानगरच्या एमएच १६ आणि श्रीरामपूरच्या एमएच १७ पासिंगच्या गाड्या कमी दिसल्या, तर पुणे, नाशिक, संभाजीनगरच्याही पाहाव्यात. खात्रीचा आकडा मात्र तुमच्या ओळखीत नुकतीच विकली गेलेली गाडी देते. संकोच न करता विचारा. आणि तुम्हाला कोणी विचारले, तर खरे सांगा.

● पासिंगचे साल आणि बनावटीचे साल वेगळे असू शकते. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत पासिंग झाली, तर कागदावर ती वर्षाने लहान दिसते. भाव बनावटीच्या महिन्यावर धरावा.

● एकट्या मीटरवर विश्वास नको. अधिकृत वर्कशॉपच्या सर्व्हिस नोंदींत प्रत्येक वेळचे रनिंग असते; ते चढत गेले आहे ना, पाहावे. टायर, बॅटरी, संपत आलेला विमा, थकलेली ई-चलने हे सगळे रुपयांत मांडून भावातून वजा करावे. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

● विकणाऱ्यासाठी : चार पैसे जास्त मिळतात म्हणून नाव न बदलता गाडी देऊ नका. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या मालकावरच ठेवली.

● गाडी नावावर होताना फॉर्म २९ आणि ३० भरले जातात. त्यांत विकणारा, घेणारा, चासी नंबर, तारीख सगळे असते. किंमत तेवढी नसते. तो एक रकाना वाढवावा. नावे झाकून, मॉडेल आणि सालानुसार, जिल्हावार सरासरी दर महिन्याला जाहीर करावी. मग पाथर्डी-जामखेडच्या माणसालाही शहरातल्या व्यापाऱ्याइतकीच माहिती घेऊन सौद्याला बसता येईल. हा त्याचा हक्क आहे.